गोराई खाडीवरचे ड्रोन: एका कुरिअर व्यवसायाचा प्रकरण अभ्यास

(व्यक्तींची नावे बदलली आहेत आणि व्यवसायाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ठिकाण मात्र तेच ठेवले आहे, कारण खाडी, भरती-ओहोटी आणि वारा बाजूला काढले तर या प्रकरणात सांगण्यासारखे फारसे उरत नाही.)

पार्श्वभूमी

बोरिवली पश्चिमेला प्रमोदकाकांचा कुरिअरचा धंदा आहे. निरनिराळ्या कंपन्यांची पार्सले ते एका गाळ्यात उतरवून घेतात आणि खाडीपलीकडच्या गोराई, कुलवेम, मनोरी या गावांत पोहोचवतात. ही गावे मुंबईतच मोडतात, पण तिथे जायचे तर बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून बोट धरायची, नाहीतर भाईंदर-उत्तनचा वळसा घालायचा. बोटीने खाडी ओलांडायला काही मिनिटे लागतात. रस्त्याने एक तास सहज जातो, आणि रविवारी गोराई बीचची गर्दी असली तर त्याहून जास्त. मोठ्या कंपन्या या गावांसाठी स्वतःची माणसे ठेवत नाहीत. त्यामुळेच प्रमोदकाकांसारख्या लहान व्यावसायिकांचे इथे चालते.

रोज साठ-सत्तर पार्सले येतात. कपडे, मोबाइलची कव्हरे, मिक्सरची भांडी, शाळेची पुस्तके आणि औषधे. दोन वर्षांपूर्वी त्यात आणखी एका कामाची भर पडली. गोराईत रक्त तपासणीसाठी नमुने घेणारी एक छोटी खोली आहे. तिथले नमुने सकाळी बोरिवलीच्या लॅबपर्यंत आणायचे. ही ने-आण काकांकडचा संदेश करतो. पैसे पार्सलपेक्षा बरे मिळतात, पण वेळ पाळावी लागते.

काकांची पुतणी अश्विनी लॉजिस्टिक्स शिकून धंद्यात आली. ड्रोनचा प्रस्ताव तिनेच मांडला. वाहतुकीच्या आखणीसाठी मी त्यांच्यासोबत होते.

समस्या

तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. पार्सले उशिरा पोहोचत, आणि महिन्यातले काही दिवस लॅब नमुने परत पाठवी.

पहिल्या तक्रारीने ग्राहक चिडत, एवढेच. दुसरीचे परिणाम गंभीर होते. नळीतले रक्त तसेच राहिले तर पेशी त्यातली साखर वापरत राहतात. सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, वेगळे केले नाही तर ग्लुकोजचा आकडा तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. उशीर झाला किंवा नळी हिंदकळून पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. म्हणून सीरम दोन तासांच्या आत वेगळे करायचे असते. उपाशीपोटी रक्त देऊन गेलेल्या सत्तरीच्या आजींना दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी बोलवायचे, हे रोझीताईंना फार लागे. त्या खोलीत नमुने त्याच घेतात.

“सगळे दिवस असे नसतात,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवसांतून तीन-चार दिवस येतात, तेव्हा मी आठ वाजता पेटी देते आणि संदेश साडेनऊलासुद्धा इकडच्याच धक्क्यावर उभा असतो.”

हे तीन-चार दिवस कोणते, ते बोटीवरच्या डॉमनिकदादांनी एका वाक्यात सांगितले: “तीज-चौथीला सकाळी खाडीत पाणी कुठे असतं?”

कोळी मंडळींचा हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे १५. पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास. पौर्णिमेपासून पुढे मोजत गेले (तृतीया म्हणजे १८) की रोज ती पाऊण तासाने सरकते. तृतीया-चतुर्थीला भरती दुपारी दीड-सव्वादोनला येते आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान, ओहोटी असते. उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसल्याने पाणीही खोलवर उतरते. गाळ उघडा पडतो, बोटीला धक्क्याला लागता येत नाही, फेऱ्या लांबतात. उपाशीपोटीचे नमुने निघण्याची वेळ नेमकी हीच. अमावास्येनंतरही तेच घडते.

ड्रोनचा प्रस्ताव आणि आधीचे दाखले

अश्विनीने एका ड्रोन स्टार्टअपशी बोलणे केले. ड्रोन, पायलट आणि विमा त्यांचा. काकांनी फेरीमागे पैसे द्यायचे. ड्रोन दोन किलोपर्यंत सामान उचलणारा होता.

दाखले खोटे नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मणिपुरात बिष्णुपूरहून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने लस पोहोचवली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी लस गेली. मे २०२२ मध्ये टपाल खात्याने कच्छमध्ये ४६ किलोमीटर अंतर २५ मिनिटांत कापून पार्सल पोहोचवले. रवांडात तर २०१६ पासून रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या ड्रोनने जातात आणि तिथे तो रोजचा व्यवहार झाला आहे.

हे दाखले मी अश्विनीबरोबर एकेक करून पाहिले. सगळ्यांत एक गोष्ट समान होती. निघण्याची जागा ठरलेली, उतरण्याची जागा ठरलेली, माल हलका आणि तातडीचा, आणि जमिनीवरचा रस्ता लांब किंवा वाईट. घरोघरी कोणी जात नव्हते. ड्रोनने पार्सल म्हटले की डोळ्यांसमोर गॅलरीत उतरणारा ड्रोन येतो. मुंबईत त्या गॅलरीपुढे केबलवाल्यांच्या आणि इंटरनेटच्या तारा एका इमारतीवरून दुसरीवर गेलेल्या असतात. गच्चीवर टाक्या आणि मोबाइलचे टॉवर असतात, आणि गच्ची वापरायची म्हणजे सोसायटीच्या कमिटीची परवानगी आली. म्हणून घरपोच ड्रोनचा विचार आम्ही पहिल्याच बैठकीत सोडून दिला.

कोणते पर्याय तोलले

उरले चार पर्याय.

पहिला, सगळी पार्सले ड्रोनने खाडीपार न्यायची. हा आकडेमोडीतच गळला. संदेश दुचाकी बोटीत चढवतो आणि एका फेरीत चाळीसेक पार्सले घेऊन जातो. तेवढ्याच मालासाठी ड्रोनने दिवसभर येरझारा घातल्या असत्या. प्रत्येक फेरीला बॅटरी बदलायची, दोन्ही काठांवर माणूस ठेवायचा. बोटीच्या तिकिटाशी त्याची बरोबरी होणे शक्यच नव्हते.

दुसरा, फक्त औषधे. इथे मोठी आशा होती. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. अश्विनीने गाळ्यातल्या काट्यावर थर्माकोलची पेटी ठेवली, त्यात जेलचे थंड पॅक घातले, वरून पट्टी लावली. काट्यावर किलोच्या वर आकडा गेला, आणि औषध अजून आत ठेवलेच नव्हते. दोन किलोंतला अर्ध्याहून जास्त भार पेटीच खात होती. शिवाय औषधे बहुतेक दुपारी जातात. हिवाळ्यातसुद्धा दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि खाडीवर तो झोतांनी येतो. स्टार्टअपचा पायलटच म्हणाला, “ताई, अकराच्या आत काम असेल तर सांगा.”

तिसरा, फक्त सकाळचे नमुने, गोराईहून बोरिवलीला. वजन कमी, वारा शांत, दोन्ही टोके ठरलेली, आणि बोट अडते त्या तिथी आधीपासून ठाऊक. ड्रोनचे गुण आणि इथली गरज एवढी जुळलेली दुसरी जागा आम्हाला सापडली नाही.

चौथा, ड्रोन घ्यायचाच नाही. जिथे वेळ जातो तिथे दुरुस्ती करायची. प्रमोदकाकांचा कल इकडे होता. “आधी बघा तर खरं, पार्सल कुठे बसून राहतं,” असे ते सारखे म्हणत.

ठरले असे की तिसऱ्या पर्यायाची चाचणी घ्यायची आणि त्याच वेळी चौथ्यासाठी वेळांची नोंद ठेवायची. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता, असे मला वाटते. ड्रोन एकटाच आजमावला असता तर त्याची तुलना जुन्या, विस्कळीत कामाशी झाली असती आणि तो उगाच सरस दिसला असता.

परवानग्या

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरेच काही सोपे केले. २ ते २५ किलोचा ड्रोन ‘स्मॉल’ वर्गात येतो. त्याला नोंदणी क्रमांक लागतो, व्यावसायिक कामासाठी प्रमाणपत्रधारक पायलट लागतो, आणि तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग दिसतात. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडायला हवाई वाहतुकीची वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांपर्यंतच आहे.

आधी मार्वे-मनोरीचा टप्पा मनात होता. पण मार्वे जुहू विमानतळापासून १२ किलोमीटरच्या आत येते, आणि शेजारीच नौदलाचा आयएनएस हमला हा तळ आहे. तो टप्पा सोडला. बोरिवलीची गोराई जेट्टी १२ किलोमीटरच्या बाहेर पडते, म्हणून तिकडे वळलो.

खरी गाठ पुढे होती. मुंबई पोलिसांच्या हद्दीत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून वगैरे उडवण्यावर मनाई आदेश निघतात, साधारण महिन्याच्या मुदतीचे, आणि ते पुन्हा पुन्हा काढले जातात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश लागू असताना नकाशावर जागा हिरवी असली तरी पोलीस उपायुक्त (अभियान) यांची लेखी परवानगी लागते. केंद्राच्या ड्रोन नियमांत स्थानिक पोलिसांना तात्पुरता लाल विभाग जाहीर करता येतो, तो जास्तीत जास्त ९६ तासांसाठी. मनाई आदेश त्या चौकटीबाहेरचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले होते. त्या शहराने किनाऱ्यावरच्या आकाशाबद्दल सावध राहावे, हे मला समजते. पण एखाद्याला ड्रोनवर रोजचा धंदा उभा करायचा असेल, तर महिन्या-महिन्याच्या परवानगीवर पायलट नेमता येत नाही आणि लॅबशी वर्षाचा करारही करता येत नाही. हिरवा नकाशा दाखवून गुंतवणूक मागणाऱ्यांनी ही गोष्ट आधी सांगायला हवी.

आणखी दोन बाबी होत्या. रक्ताचे नमुने म्हणजे जैविक माल. धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीचे नियम ड्रोनलाही लागू असल्याने तिहेरी आवरणाची पेटी लागली: नळी, तिच्यावर गळतीरोधक डबा, त्यावर कडक खोके. आणि ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवायचा होता. म्हणून दोन्ही काठांवर एकेक पायलट उभा करून मध्यावर ताबा बदलायचा, असे ठरले.

परवानगी मिळाली ती २०२५ च्या सुरुवातीच्या ठराविक सकाळांसाठी. संक्रांत उलटून जाऊ दिली, कारण पतंगांच्या दिवसांत मांजा पंख्यात अडकण्याची भीती होती.

चाचणीत काय झाले

उड्डाणाचा भाग सोपा निघाला. पेटी लावली की काही मिनिटांत ती पलीकडे उतरे. नमुन्यांच्या दर्जाबद्दल लॅबचे डॉक्टर साशंक होते. उड्डाणाच्या कंपनाने पेशी फुटतील असे त्यांना वाटे. नेहमीच्या रक्त तपासण्यांवर ड्रोनच्या प्रवासाचा लक्षणीय परिणाम होत नाही, हे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले होते. आमच्याकडेही बोटीने आणि ड्रोनने आलेल्या जोडनमुन्यांचे निकाल डॉक्टरांना जुळलेले दिसले आणि त्यांची हरकत गेली.

त्रास झाला तो उड्डाण सुरू होण्याआधी आणि उतरल्यानंतर.

गोराईच्या बाजूला आधी निवडलेली मोकळी जागा कोळीवाड्याच्या कडेला होती. शेजारी बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यावर घारी घिरट्या घालत होत्या. ड्रोन चाळीसेक फूट वर गेला तशी एक घार पंख मिटून थेट त्याच्या अंगावर आली. पायलटने ड्रोन झपकन खाली घेतला. घार हातभर अंतरावरून निघून गेली आणि वळून पुन्हा आली. त्या दिवशी पेटी बोटीनेच गेली. घारींचे विणीचे दिवस हिवाळा-उन्हाळ्यातच असतात, आणि घरट्याजवळ त्या कोणालाही फिरकू देत नाहीत. मासळी वाळते तिथे घारी असणारच, हे तिथल्या कोणत्याही बाईने सांगितले असते. पण जागा निवडताना विचारले फक्त जमीन कोणाची एवढेच.

त्याच बायकांची दुसरी हरकत होती, आणि ती रास्त होती. ड्रोनला कॅमेरा होता. “आम्ही इथं बसून काम करतो, आमचं चित्र कोण घेतंय?” असे एका मावशींनी अश्विनीला विचारले. कॅमेरा ड्रोन सुखरूप उतरवण्यासाठी आहे, असे अश्विनीने सांगितले. पण चित्रण साठवले जाते का, आणि ते कोणाकडे असते, याचे लेखी उत्तर स्टार्टअपकडे तयार नव्हते. ते मिळेपर्यंत उड्डाणे थांबवली. मग गावकऱ्यांशी बोलून वस्तीपासून दूरचे मैदान ठरले. तिथे घारी कमी होत्या, पण रोझीताईंची खोली लांब पडली. खाडी उडून जे मिळवले होते, त्यातला बराच भाग मैदानापर्यंतच्या चालण्यात गेला.

कांदळवनाचाही प्रश्न आला. वाटेत मोटर बिघडली तर ड्रोन चिखलात पडणार. कांदळवन संरक्षित आहे, आत माणूस कमरेपर्यंत रुततो, आणि वर लिथियमची बॅटरी व रक्ताच्या नळ्या. म्हणून सरळ रेषेत न उडता उघड्या पाण्यावरून वळसा घालायचे ठरले. बॅटरी थोडी जास्त लागली, पण हा निर्णय योग्यच होता.

आता नोंदींकडे. तृतीया-चतुर्थीच्या सकाळी ड्रोनने आलेले नमुने दोन तासांच्या मर्यादेत लॅबमध्ये पोहोचले. एरवी ते पोहोचत नसत. बाकीच्या दिवशी बोटीत आणि ड्रोनमध्ये फरक इतका थोडा होता की त्यासाठी कोणी पैसे मोजावेत असे नव्हते. आणि पार्सलांच्या नोंदीने काकांचे म्हणणे खरे ठरवले. पार्सल सर्वांत जास्त वेळ बसून राहत होते ते खाडीवर कुठेच नाही, बोरिवलीच्या गाळ्यात. गावांप्रमाणे वर्गवारी दहाला सुरू होई, आणि तोवर सकाळच्या दोन बोटी निघून गेलेल्या असत.

पावसाळ्याचा प्रश्न

चाचणीच्या काळात सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य असे: पावसाळ्यात बोट बंद पडते तेव्हा ड्रोन कामाला येईल. मी पायलटला हे स्पष्ट विचारले. ज्या वाऱ्यात आणि पावसात बोट थांबते, त्यात त्यांचा ड्रोनही उडत नाही, असे त्याने तितकेच स्पष्ट सांगितले. म्हणजे वादळी दिवसासाठी हा उपाय नव्हताच. उपाय होता कोरड्या दिवसांतल्या ओहोटीसाठी. दोन्ही दिवशी बोट अडते, म्हणून लोक ते एकच समजतात. ज्या दिवशी ड्रोनची आस सर्वांत जास्त, त्या दिवशी तो पेटीतच राहणार, हे आधी कळले तर खर्चाचा हिशेब मुळापासून बदलतो: वर्षातले चारेक महिने वजा, आणि उरलेल्यांतही पंधरवड्यातले मोजके दिवस.

पुढे मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात मुंबईत ड्रोनवर कडक बंदी आली. २६ मे रोजी, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी, मान्सूनही दाखल झाला. चाचणी पुढे चालवण्याचा विषय तिथेच मिटला.

निर्णय आणि परिणाम

ड्रोनचा वार्षिक करार केला नाही. पण नमुन्यांचा प्रश्न सुटला, आणि तो चाचणीमुळेच सुटला. ‘दोन तासांत खाडी कशी ओलांडायची’ यावर बोलता बोलता लॅबच्या डॉक्टरांनी विचारले की सीरम गोराईतच वेगळे केले तर? रोझीताईंच्या खोलीत नळ्या वेगाने फिरवून सीरम वेगळे करणारे एक लहान सेंट्रिफ्यूज यंत्र आणि बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर बसवला. साखरेसाठी फ्लोराइडच्या नळ्या कटाक्षाने वापरायला सुरुवात झाली; फ्लोराइडमुळे पेशींचा साखरेचा वापर रोखला जातो. आता तीज-चौथीला पेटी तासभर उशिरा निघाली तरी बहुतेक तपासण्यांना धक्का लागत नाही, आणि आजींना पुन्हा बोलवावे लागत नाही. यंत्राची किंमत ड्रोनच्या काही महिन्यांच्या फेऱ्यांपेक्षा कमी होती.

पार्सलांची वर्गवारी सकाळी सातला सुरू झाली. संदेशकडे वर्षभराचे भरती-ओहोटीचे कोष्टक आहे आणि फेऱ्या त्याप्रमाणे ठरतात. गोराईत एका किराणा दुकानात पार्सल ठेवण्याचे कपाट आहे. दिवसा घरी नसणारे लोक संध्याकाळी तिथून घेऊन जातात.

काय वेगळे करता आले असते

वेळांची नोंद ड्रोनच्या महिनाभर आधी सुरू करायला हवी होती. गाळ्यातला उशीर आधीच दिसला असता आणि पार्सलांसाठी ड्रोनची चर्चा झालीच नसती.

कोळीवाड्यातल्या बायकांशी पहिली बैठक जागा ठरवण्याआधी व्हायला हवी होती. घारी आणि कॅमेरा हे दोन्ही प्रश्न त्याच बैठकीत निघाले असते. चित्रण किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, कधी पुसणार, हे मराठीत एका पानावर लिहून उड्डाणापूर्वी गावात द्यावे, असे मी यापुढे प्रत्येक चाचणीत सुचवणार आहे.

लॅबला सुरुवातीपासून सोबत घेतले असते तर सेंट्रिफ्यूजचा मुद्दा बहुधा पहिल्या आठवड्यात निघाला असता. वाहतुकीच्या माणसांना प्रत्येक प्रश्न अंतराचा दिसतो. हा प्रश्न मुळात नमुना किती टिकतो याचा होता.

अश्विनीचे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि तेही नोंदवायला हवे. तिच्या मते वेळेला महत्त्व असलेली एक गोष्ट अजून उरली आहे: सर्पदंशावरचे किंवा अपघातातले तातडीचे औषध, रात्री नव्हे पण दिवसा, ओहोटीच्या वेळी. त्यासाठी रोजचा करार नको. ठरलेले मैदान, आधीच घेतलेली दीर्घ मुदतीची परवानगी आणि बोलावल्यावर येणारा पायलट हवा. काका खर्चाला तयार नाहीत. ते म्हणतात, हे कुरिअरवाल्याने नाही, आरोग्य यंत्रणेने करायचे काम आहे. मला दोघांचेही पटते. अश्विनीने त्या मैदानाच्या वापरासाठी गावकऱ्यांची लेखी संमती मिळवून ठेवली आहे. परवानगीचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे पावसाळा संपल्यावर ठरेल.